फळमाश्यांतील प्रच्छन्न जाती

द्विपंखी कीटकांच्या गणातील टेफ्रिटिडी कुलात ज्या माश्यांच्या अळ्या फळांच्या गरात राहून वाढतात, त्यांना फळमाश्या असे म्हणतात. पिकलेल्या केळ्यांभोवती घरात घोंघावणारी बारीक चिलटे निराळ्या कुलातील असून त्यांचा येथे विचार केलेला नाही. फळमाश्या आकाराने साधारणपणे घरमाशीएवढ्या, पिवळसर तांबूस ते काळपट रंगाच्या व कमरेशी गांधीलमाशीप्रमाणे निमुळत्या असतात. त्यांच्या पारदर्शक पंखांवर तपकिरी पट्टे अथवा ठिपके असतात. यांतील अनेक जाती दिसण्यात इतक्या सारख्या असतात की, नुसत्या डोळ्यांनी, आणि पुष्कळदा सूक्ष्मदर्शकाखालीही, त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. तथापि निसर्गात त्यांचा परस्परांशी संकर होत नाही अथवा क्वचितच होतो. अशा जातींना प्रच्छन्न जाती म्हणतात. फळमाश्यांच्या बाबतीत हा केवळ वर्गीकरणशास्त्राचा प्रश्न राहिलेला नाही. सापळ्यात कोणते आमिष ठेवावयाचे, फळ कोणत्या देशात पाठविता येईल, वंध्य केलेले नर सोडून माशीचा नायनाट करता येईल की नाही, या सर्व गोष्टी माशीच्या नावावर अवलंबून असतात. आणि गेल्या दोन शतकांत हे नाव वारंवार बदललेले आहे.

सर्व फळमाश्यांचा जीवनक्रम जवळजवळ एकसारखाच असतो. मादी आपल्या टोकदार अंडनिक्षेपकाने फळाच्या सालीस भोक पाडून आत अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अंड्यांतून पांढरट, बिनपायांच्या अळ्या बाहेर पडतात व गर खाऊ लागतात. छिद्रातून सूक्ष्मजंतूंचा शिरकाव होऊन फळ आतून सडते. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर येते, शरीर धनुष्यासारखे वाकवून एकदम उडी घेते आणि जमिनीत काही सेंटिमीटर खोल जाऊन कोशावस्थेत शिरते. उष्ण दिवसांत सुमारे दीड आठवड्याने कोशातून माशी बाहेर पडते. नुकसान करते ती अळी. परंतु निरनिराळ्या जातींच्या अळ्यांत दिसण्यासारखा फरक फारच थोडा असतो. जात ओळखण्याच्या खुणा बहुतेक सर्व प्रौढ माशीच्या अंगावर असतात. फळमाश्यांविषयीच्या बऱ्याच गोंधळाचे मूळ येथे आहे : ज्या अवस्थेत कीड शेतकऱ्याच्या व संगरोध-अधिकाऱ्याच्या हाती सापडते, त्या अवस्थेत ती आपले नाव सांगत नाही.

खानदेशातील फळमाश्या : अंजनी नदीच्या काठी वसलेले एरंडोल व एकूणच जळगाव-धुळे भाग हा मुख्यतः कापसाचा प्रदेश असला, तरी फळमाशीला लागणारे अन्न तेथे वर्षभर कोणत्या ना कोणत्या रूपात उपलब्ध असते. उन्हाळ्यात नदीपात्रांतील वाळूत टरबुजा-खरबुजांच्या वाड्या असतात. वैशाख-ज्येष्ठात आंबा येतो. पावसाळ्यात मांडवांवर व कुंपणांवर कारली, दोडकी, गिलकी आणि काकड्या लागतात. हिवाळ्यात पेरू असतो आणि संक्रांतीच्या सुमारास बांधाबांधावरच्या बोरी फळांनी लगडतात. यांपैकी कोणत्याही फळात अळी निघाली म्हणजे ‘माशीने डंख मारला’ असे म्हणतात. बोलीभाषेत ही माशी एकच आहे. प्रत्यक्षात या फळांवर निदान सहा जातींच्या माश्या येतात, व त्या तीन-चार निरनिराळ्या वंशांतील आहेत.

आंबा व पेरू यांवर भारताच्या मैदानी भागात बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, बॅक्ट्रोसेरा झोनॅटा आणि बॅक्ट्रोसेरा करेक्टा या तीन जाती आढळतात. पहिलीच्या पंखाच्या पुढच्या कडेला अखंड तपकिरी पट्टी असते; उरलेल्या दोघींत ती तुटलेली असून पंखाच्या टोकाशी फक्त एक ठिपका उरतो. झोनॅटा व करेक्टा यांतील भेद मुख्यतः चेहऱ्यावरील काळ्या खुणांचा आहे : झोनॅटाच्या चेहऱ्यावर दोन सुटे ठिपके असतात, तर करेक्टाच्या चेहऱ्यावर ते एकमेकांना मिळून आडवी रेघ बनते. झोनॅटा ही उष्णता अधिक सोसणारी जाती आहे. वेलवर्गीय भाज्यांवर प्रामुख्याने झ्यूगोडेकस कुकर्बिटी ही येते. तिच्या पाठीवर तीन पिवळ्या रेघा असतात. तिच्याबरोबर झ्यूगोडेकस टाउ आणि मूळची आफ्रिकेकडील डेकस सिलिएटस या जातीही त्याच वेलांवर असू शकतात.

बोराचे उदाहरण अधिक बोलके आहे. कार्पोमिया व्हेसुव्हियाना ही बोरीच्याच वंशातील झाडांवर जगणारी माशी असून भारतातील बोराची ती सर्वांत मोठी कीड होय. परंतु बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस व बॅक्ट्रोसेरा करेक्टा यांनाही बोर चालते. म्हणजे एकाच बोरीखाली पडलेल्या दोन किडक्या बोरांतील अळ्या दोन वेगळ्या वंशांच्या असणे शक्य आहे, आणि ती फोडून पाहणाऱ्याला त्यांत काहीही फरक दिसणार नाही. एक माशी मिथिल युजेनॉलच्या वासाने सापळ्यात येईल, दुसरी कधीही येणार नाही.

या माश्यांच्या नावांचा प्रवासही चमत्कारिक आहे. आंब्याच्या माशीचे आजचे नाव तैवानातील नमुन्यांवरून १९१२ मध्ये दिले गेले. कारल्याच्या माशीचे वर्णन कॉक्विलेट या अमेरिकी कीटकविज्ञाने १८९९ मध्ये हवाई बेटांतील नमुन्यांवरून केले, आणि तेथे तर ती बाहेरून आलेली होती. बोराच्या माशीचे नाव आकिले कॉस्टा यांनी १८५४ मध्ये इटलीतील व्हीस्यूव्हिअस ज्वालामुखीवरून ठेवले. खानदेशातील शेतकऱ्याच्या रोजच्या ओळखीच्या या तीन माश्या शास्त्राला माहीत झाल्या त्या अशा परमुलखातून.

वर्गीकरणाचा इतिहास : हिंदुस्थानातील आंब्याच्या माशीचा पहिला शास्त्रीय उल्लेख डॅनिश कीटकविज्ञ योहान ख्रिस्तियान फाब्रिसियस यांच्या १७९४ मधील ग्रंथात आहे. त्यांनी पूर्वेकडील हिंदुस्थानातून आलेल्या नमुन्याला मस्का फेरुजिनिया, म्हणजे तांबूस माशी, असे नाव दिले. त्या काळी बहुतेक सर्व माश्या मस्का या एकाच वंशात घातल्या जात. पुढे ही जाती डेकस वंशात गेली आणि डेकस फेरुजिनियस या नावाने भारतीय कृषिविषयक लिखाणात रूढ झाली. परंतु मस्का फेरुजिनिया हे नाव स्कोपोली यांनी १७६३ मध्येच एका वेगळ्या माशीला दिलेले होते. प्राणिनामकरणाच्या नियमांप्रमाणे एकच नाव दोन जातींना देता येत नाही व आधीचे नाव ग्राह्य धरले जाते. त्यामुळे फाब्रिसियस यांचे नाव कालांतराने बाद झाले आणि ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख हेंडेल यांनी १९१२ मध्ये दिलेले डॉर्सॅलिस हे नाव त्याच्या जागी आले. ही नामांतरे कंटाळवाणी वाटतात खरी. पण जुने अहवाल वाचताना ती ध्यानी न घेतल्यास एकाच माशीच्या तीन माश्या होतात.

भारतीय फळमाश्यांचा पहिला पद्धतशीर अभ्यास मारिओ बेट्सी या इटालियन शास्त्रज्ञाने केला. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील संग्रहावर त्यांनी १९१३ मध्ये एक प्रबंध लिहिला आणि १९१६ मध्ये हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन येथील डेकस-वर्गीय माश्यांचे विवेचन प्रसिद्ध केले. बॅक्ट्रोसेरा करेक्टा हिचे पहिले वर्णन याच दुसऱ्या लेखातील आहे. फेरुजिनिया नावाखाली येणारे सर्व नमुने एकसारखे नाहीत हे बेट्सी यांच्या लक्षात आले होते. त्यांनी एक जाती कायम ठेवून तिचे अनेक प्रकार सांगितले. त्यांपैकी व्हर्सिकलर नावाचा त्यांचा प्रकार आज स्वतंत्र जाती मानला जातो. हातात केवळ टाचणीला टोचलेले वाळके नमुने असताना त्यांनी दाखविलेली ही सावधगिरी विशेष म्हटली पाहिजे. नमुन्यांचे रंग भिन्न आहेत एवढे त्यांना दिसत होते. ते रंगभेद एका जातीच्या पोटातले की दोन जातींमधले, हे ठरविण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते.

असे एक साधन त्याच सुमारास बिहारमधील पुसा येथे योगायोगाने हाती आले. तेथील कृषी संशोधन संस्थेत काम करणारे एफ. एम. हाउलेट यांना असे आढळले की, डास दूर ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सिट्रोनेला तेलाकडे काही फळमाश्या आकर्षित होतात. अधिक पाहता त्या सर्व नर असल्याचे दिसून आले. हे निरीक्षण त्यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि पुढे तेलातील घटक वेगवेगळे तपासून १९१५ मध्ये मिथिल युजेनॉलचा प्रभाव दाखविला. तुळशीच्या पानांतही हे द्रव्य असते. तुळशीवर फळमाश्या बसलेल्या दिसतात त्याचे कारण हेच. हाउलेट यांच्या शोधाचे महत्त्व सापळ्यांपुरते नव्हते. सर्व जातींचे नर एकाच वासाला ओढले जात नाहीत, म्हणून वास ही जातींची एक कसोटी ठरली. आंब्यावरील वर सांगितलेल्या तिन्ही जाती मिथिल युजेनॉलकडे येतात; कारल्याची माशी मात्र त्याकडे न जाता क्यू-ल्यूर या १९६० च्या सुमारास उपलब्ध झालेल्या कृत्रिम द्रव्याकडे येते. प्रशांत महासागरातील रोटा बेटावर मिथिल युजेनॉल व कीटकनाशक यांत भिजविलेले ठोकळे टाकून डॉर्सॅलिसचे समूळ उच्चाटन करण्यात आल्याचे १९६५ मध्ये जाहीर झाले. पुसा येथील निरीक्षणाचा हा पन्नास वर्षांनंतरचा परिणाम होय.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डॉर्सॅलिस हवाई बेटांत पोचल्यामुळे अमेरिकेचे लक्ष तिच्याकडे वळले व संशोधनाला वेग आला. हवाई विद्यापीठातील डी. एल्मो हार्डी यांनी १९६९ मध्ये ही माशी व तिच्या निकटच्या जाती यांचा एकत्र विचार करून त्यांचा एक संकुल-गट कल्पिला. भारतात व्ही. सी. कपूर यांनी १९७१ मध्ये दक्षिणेकडील कॅरिई या जातीचे वर्णन केले. ही जाती आंबा व पेरू यांवर डॉर्सॅलिसबरोबरच येते, त्याच सापळ्यात सापडते आणि बारीक खुणा पाहिल्याखेरीज वेगळी काढता येत नाही. दक्षिण भारतातील जुन्या नोंदींत डॉर्सॅलिस म्हणून मोजलेल्या माश्यांत तिचा वाटा किती होता, हे आता सांगता येणे शक्य नाही. कारण नमुने ठेवले गेले नाहीत, केवळ आकडे ठेवले गेले. भारतीय फळमाश्यांच्या २००५ मधील सूचीत २४३ जाती व ७९ वंश नोंदविलेले आहेत, आणि त्यानंतरही पश्चिम घाटातून व इतर भागांतून नव्या जातींची भर पडत आली आहे. या बहुसंख्य जाती रानफळांवर अथवा फुलांवर जगतात व पिकांना त्यांचा उपद्रव नाही.

जातींचे विभाजन सर्वांत जोराने झाले ते १९९४ मध्ये. ऑस्ट्रेलियातील आर. ए. आय. ड्रू व डी. एल. हॅनकॉक यांनी आशियातील डॉर्सॅलिस-संकुलाचे पुनरीक्षण करून त्यात ५२ जाती मांडल्या. त्यांपैकी ४० नव्याने वर्णिलेल्या होत्या. ज्या माशीला तोवर सर्वत्र डॉर्सॅलिस म्हणत, तिच्यातून मलेशिया-इंडोनेशियाकडील पपायी, फिलिपीन्समधील फिलिपिनेन्सिस आणि करमळावरील कॅरॅम्बोली अशा उपद्रवी जाती वेगळ्या झाल्या. हे भेद अंडनिक्षेपकाची लांबी, पोटावरील काळ्या पट्ट्यांची रुंदी आणि पंखावरील पट्टीचा आकार यांवर आधारलेले होते. याचे व्यावहारिक परिणाम लगेच जाणवले. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात केर्न्सच्या आसपास १९९५ मध्ये पपायी माशी सापडली. तिच्या उच्चाटनाची मोहीम १९९९ पर्यंत चालून तीवर तीन कोटींहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाले. दक्षिण अमेरिकेतील सुरिनाममध्ये १९७५ मध्ये गोळा केलेले व आधी डॉर्सॅलिस समजले गेलेले नमुने कॅरॅम्बोली ठरले. पुढे २००३ मध्ये केन्यात आंब्यांवर एक अनोळखी माशी दिसली आणि काही वर्षांतच ती आफ्रिका खंडाच्या मोठ्या भागात पसरली. श्रीलंकेतील नमुन्यांशी ती जुळत असल्याचे पाहून २००५ मध्ये तिला इन्व्हेडेन्स, म्हणजे आक्रमक, हे नाव मिळाले.

मात्र या नव्या जाती खरोखर वेगळ्या आहेत काय, याविषयी शंका लवकरच व्यक्त होऊ लागल्या. उत्तरेकडून दक्षिणेकडे वेगवेगळ्या ठिकाणच्या माश्यांचे अंडनिक्षेपक मोजले असता लांबी हळूहळू बदलत जाते, मध्ये कोठेही तुटक रेषा सापडत नाही, असे आढळले. डीएनएच्या ज्या एका लहान भागावरून अनेक प्राण्यांच्या जाती सहज ओळखता येतात, तोही येथे उपयोगी पडेना. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरण यांनी २०१० ते २०१५ या काळात केवळ फळमाश्यांच्या प्रच्छन्न जातींचा उलगडा करण्यासाठी संशोधनाचा एक संयुक्त कार्यक्रम राबविला. अणुऊर्जेचा या विषयाशी संबंध असा की, नर माश्यांना किरणोत्साराने वंध्य करून सोडण्याची पद्धत हे अभिकरण प्रसारित करते. कारखान्यात वाढविलेला नर व रानातील मादी एकाच जातीचे नसतील, तर मादी त्याला स्वीकारीत नाही आणि सगळा खर्च वाया जातो. उलट त्या दोन जाती नसून एकच असतील, तर एका देशातील कारखान्यातील नर दुसऱ्या देशात चालतात.

या कार्यक्रमात मोठ्या जाळीदार तंबूंत निरनिराळ्या देशांच्या माश्या एकत्र सोडून त्यांचे मीलन पाहण्यात आले. संकरित संततीची प्रजननक्षमता, गुणसूत्रे, पंखांचा आकार, नरांची गंधद्रव्ये आणि डीएनए यांचीही तपासणी झाली. डॉर्सॅलिस, पपायी व इन्व्हेडेन्स यांचे मीलन बिनदिक्कत होते व संतती सुदृढ निघते; कॅरॅम्बोलीशी मात्र मीलन कमी प्रमाणात होते आणि तिच्या नराच्या गंधद्रव्यांची घडणही निराळी आहे. फिलिपिनेन्सिस हे नाव त्याआधीच २०१३ मध्ये पपायीत विलीन करण्यात आले होते. अखेर वीस देशांतील सुमारे पन्नास संशोधकांनी २०१५ च्या संयुक्त लेखात पपायी, फिलिपिनेन्सिस व इन्व्हेडेन्स ही नावे डॉर्सॅलिसची समानार्थी ठरविली आणि कॅरॅम्बोली वेगळी ठेवली. केन्यात आलेली ‘आक्रमक’ माशी ही आपल्याकडील आंब्याची माशीच होती. ड्रू यांनी हा निर्णय मान्य केला नाही व २०१६ मधील ग्रंथात या जाती पुन्हा स्वतंत्र दाखविल्या; तथापि बहुतेक संशोधक व संगरोध-संस्था २०१५ च्या निर्णयाप्रमाणे चालतात. प्रत्यक्ष मीलनाचा पुरावा अंगावरच्या खुणांपेक्षा वजनदार मानणेच सयुक्तिक दिसते.

याच कार्यक्रमाने दुसरीकडे नेमका उलटा निष्कर्ष काढला. आफ्रिकेतील सेराटायटिस रोझा ही एकच समजली जाणारी माशी प्रत्यक्षात दोन जातींची निघाली व त्यांतील थंड हवा अधिक मानवणाऱ्या जातीला २०१६ मध्ये क्विलिसिआय हे नाव मिळाले. दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅनास्ट्रेफा फ्रॅटरक्युलस या नावाखालीही अनेक स्वतंत्र प्रकार लपलेले आहेत. तेव्हा प्रच्छन्न जातींचा शोध म्हणजे नेहमी एकीच्या अनेक करणे नव्हे. दोन माश्यांना परस्परांपासून वेगळे ठेवणारी गोष्ट शरीरावर दिसेलच असेही नाही. ऑस्ट्रेलियातील बॅक्ट्रोसेरा ट्रायोनी व बॅक्ट्रोसेरा निओह्यूमेरॅलिस या एकाच फळावर, एकाच बागेत राहतात. पहिलीचे मीलन तिन्हीसांजेला होते, दुसरीचे भर दिवसा. घड्याळातील या अंतराने दोन जाती टिकून आहेत. अमेरिकेतील ऱ्हॅगोलेटिस वंशातील माश्यांत हेच काम फळ करते : सफरचंद अमेरिकेत गेल्यावर तेथील रानफळांवरच्या माशीची एक शाखा त्यावर वळली आणि फळ पिकण्याच्या काळानुसार दोन शाखा दूर होत गेल्या.

व्यापार व जातिनिश्चिती : जळगाव जिल्ह्याच्या दृष्टीने या चर्चेतील महत्त्वाची बाब केळीची आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. केळीचा घड भरलेला पण हिरवा असतानाच कापतात, आणि अखंड सालीचे हिरवे केळ डॉर्सॅलिसला अंडी घालण्यास योग्य नसते, हे हवाई बेटांतील प्रयोगांवरून सिद्ध झालेले आहे. पिकलेल्या अथवा साल फुटलेल्या केळ्यात ती अंडी घालते. पापुआ न्यू गिनी व ईशान्य ऑस्ट्रेलिया येथील बॅक्ट्रोसेरा म्यूसी ही जाती मात्र हिरव्या केळ्यातही अंडी घालते. दोन्ही माश्या एकाच वंशातील आहेत. कोणत्या देशात कोणती आहे याची खात्रीलायक नोंद असल्यामुळेच एका देशाची केळी निर्धोक मानता येतात. नाव चुकले तर ही सवलतच नाहीशी होते.

आंबा व भाज्यांच्या बाबतीत याच्या उलट अनुभव आला. २०१३ मध्ये भारतातून युरोपीय संघात गेलेल्या फळे व भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाश्या व इतर किडी सापडल्या. त्यानंतर १ मे २०१४ पासून आंबा, कारले, पडवळ, वांगे व अळूची पाने यांच्या आयातीवर बंदी घालण्यात आली. हापूसमुळे या बंदीची चर्चा कोकणात अधिक झाली. परंतु यादीतील कारले व वांगे ही खानदेशच्या बाजारातील रोजचीच भाजी आहे. युरोपीय नियमांत ‘युरोपबाह्य टेफ्रिटिडी’ अशी एकच नोंद होती. आंब्यात निघालेली बॅक्ट्रोसेराची अळी आणि कारल्यात निघालेली झ्यूगोडेकसची अळी एकाच रकान्यात पडत असे. अळीवरून जात सांगणे अवघड असताना असा नियम करणे तपासनिसाच्या सोयीचे आहे. उत्पादकाला मात्र आपल्या मालात नेमके काय निघाले, हे त्यातून कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय बागेत काय करावयाचे हेही ठरत नाही. उष्ण जलप्रक्रियेची अट स्वीकारल्यावर २०१५ च्या प्रारंभी आंब्यावरील बंदी उठली. या प्रक्रियेत फळे ४८° से. तापमानाच्या पाण्यात ६० मिनिटे ठेवतात.

जातीचा प्रश्न टाळून जाणारा एक मार्गही निघाला आहे. नासिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेला ‘कृषक’ हा विकिरण प्रकल्प २००२ मध्ये सुरू झाला आणि २००७ पासून अमेरिकेस जाणाऱ्या आंब्यांना तेथे ४०० ग्रे इतकी मात्रा देण्यात येऊ लागली. टेफ्रिटिडी कुलातील कोणत्याही जातीसाठी १५० ग्रे पुरेसे असल्याचे आंतरराष्ट्रीय मानकांत २००९ मध्ये मान्य झाले. त्यामुळे फळात कोणती माशी आहे हे न विचारता ते निर्धोक करता येते. ही सोय निर्यातीच्या फळापुरती आहे. झाडावरच्या फळाला तिचा उपयोग नाही.

बागेतील उपाय अद्याप सापळ्यावरच अवलंबून आहे. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्राने तयार केलेला ‘रक्षक’ सापळा महाराष्ट्रात परिचित आहे. मिथिल युजेनॉलचा सापळा आंब्याच्या वा पेरूच्या बागेत लावला असता त्यात जमणाऱ्या नरांच्या ढिगात डॉर्सॅलिस, झोनॅटा व करेक्टा यांचे मिश्रण असते, व त्यांचे प्रमाण ऋतूनुसार बदलते. ढीग एकत्र मोजल्यास एक जाती ओसरून दुसरी वाढत असल्याचे ध्यानात येत नाही. वेलभाज्यांत स्थिती याहून फसवी आहे. क्यू-ल्यूरच्या सापळ्यात कुकर्बिटी व टाउ या सापडतात. थायलंडमध्ये तर टाउ हीच गुणसूत्रांवरून २००० मध्ये सात प्रकारांची असल्याचे दाखविण्यात आले. डेकस सिलिएटस मात्र क्यू-ल्यूर व मिथिल युजेनॉल या दोहोंपैकी कशालाच दाद देत नाही. सापळा रिकामा आणि काकड्या किडक्या असा अनुभव आल्यास आमिष जुने झाले असा समज होतो. तो काही वेळा खरा असतो, काही वेळा मांडवावर माशीच दुसरी असते.

अशा ठिकाणी जात ठरविण्याची जुनी पद्धतच अजून विश्वसनीय आहे. डंख बसलेली फळे तोडून, कोणत्या झाडावरची व कोणत्या दिवशीची याची चिठ्ठी लावून, ओलसर वाळूच्या थरावर रुंद तोंडाच्या बरणीत ठेवतात व तोंड पातळ कापडाने बांधतात. अळ्या वाळूत उतरून कोश होतात. साधारण दोन आठवड्यांत माश्या बाहेर येतात. बाहेर आलेल्या माशीचा रंग पक्का होण्यास काही दिवस लागतात, म्हणून तिला लगेच मारीत नाहीत. साखरपाणी देऊन चार-पाच दिवस जगवितात व मगच पंख, चेहरा व पाठ यांवरील खुणा पाहतात. घाईने मारलेल्या फिकट माश्यांवरून पूर्वी काही चुकीच्या नोंदी झालेल्या आहेत.